शेवटचा आकडा

मागच्या वेळी आपण ‘प्रत्यक्ष’ या प्रमाणापाशी थांबलो होतो. आज एक उदाहरण घेऊ.

इस्रायलच्या ‘स्पेसआयएल’ या खासगी संस्थेचं ‘बेरेशीट’ यान फेब्रुवारी २०१९मध्ये निघालं. लहानसंच, इंधनासकट ५८५ किलो. थेट चंद्र गाठण्याइतका जोर नव्हता, म्हणून पृथ्वीभोवतीची कक्षा लांबवत लांबवत ते ४ एप्रिलला चंद्राच्या कक्षेत शिरलं. ११ एप्रिलला उतरताना मुख्य इंजिन बंद पडलं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली. आम्ही जागेच होतो. पडद्यावर शेवटचा आकडा आला: उंची १४९ मीटर. आम्ही म्हणालो, ‘यान १४९ मीटरवर आहे.’

आता हिशेब करू या. खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे १३४ मीटर, म्हणजे जमीन एका सेकंदाच्या किंचित पुढे. आणि संदेश पृथ्वीवर पोचायला लागतात सुमारे १.३ सेकंद! तो आकडा वाचेपर्यंत यान आपटलेलं होतं. आमचं वाक्य उच्चारतानाच खोटं होतं.

नैयायिक विचारतील, इंद्रियाचा संनिकर्ष कशाशी झाला? पडद्याशी. यानाचं झालं ते अनुमान. पुढे नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने तिथला डाग टिपला. तो डाग म्हणजे आपला धूर. अग्नी मात्र कोणीच पाहिला नाही.