नदीवर फिर्याद!

जरा जवळ ये, एक गंमत सांगते. एका नदीवर लोक चक्क कोर्टात फिर्याद करायचे! हो, नदीवर! मासे पोहतात, होड्या चालतात, त्या खऱ्याखुऱ्या नदीवर!

हसू नकोस. सुमारे 2000 वर्षांपूर्वी स्ट्रॅबो नावाचे एक भूगोलकार होऊन गेले. खूप फिरायचे, आणि पाहिलेलं, ऐकलेलं सगळं लिहून ठेवायचे. ही हकिगत त्यांनीच लिहिली आहे. नदी आहे आजच्या तुर्कस्तानात. तिच्यावर आरोप काय? तर ही बया काठाची जमीन गिळते आणि गावांच्या हद्दीच बदलून टाकते!

आता ओळख पाहू, गुन्हा शाबीत झाला तर दंड कोण भरणार? नदीला कुठे खिसा असतो? पण तिला ओलांडायला होड्या लागायच्या ना! त्या होड्यांच्या भाड्याचे पैसे जमायचे, त्यातून दंड वळता व्हायचा म्हणे. म्हणजे नदीच्याच कमाईतून!

या खोडकर नदीचं जुनं नाव मायान्ड्रोस. आज तिला ब्युयुक मेंदेरेस म्हणतात. तुर्की भाषेत ब्युयुक म्हणजे मोठी. कारण जवळच एक धाकटी मेंदेरेसही आहे. थोरली आणि धाकटी, आपल्या घरातल्यासारखंच!

ही थोरली सरळ अशी चालतच नाही. डावीकडे वळते, उजवीकडे वळते, पुन्हा मागे येते. जणू काहीतरी विसरलं होतं! तिची वळणं इतकी गाजली, की ग्रीक लोक कुठल्याही वाकड्यातिकड्या गोष्टीला तिचंच नाव देऊ लागले.

असं कसं, म्हणतोस? अरे, आपणही तेच करतो! दादा सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत घोरत पडला, की आजी विचारते, "कुंभकर्ण उठला का?" कुंभकर्ण हे एकाचं नाव, पण आता ते सगळ्या झोपाळूंचं झालं. तसंच या नदीचं!

ग्रीकमधून ते नाव लॅटिनमध्ये गेलं. तिथून चारशेहून जास्त वर्षांपूर्वी इंग्रजीत पोचलं. पोचेपर्यंत त्याचा उच्चार झाला मिअँडर. आधी तो शब्द होता वळणांसाठी. मग वळणं घेत जाण्यासाठीही वापरू लागले. एका नदीचं नाव क्रियापद झालं! व्याकरणाच्या तासाला कुणी असं काही सांगितलं तर झोप तरी येईल का?

बरं, मिअँडर करणं म्हणजे नेमकं काय?

समज, आईने कोथिंबीर आणायला पाठवलं. कोपऱ्यावर कुत्र्याची पिल्लं दिसली, तिथे थांबणं झालं. मग गोट्यांचा डाव बघून झाला. मग पलीकडच्या गल्लीत कटलेला पतंग कुठे पडला, तेही बघून झालं. शेवटी एकदाची कोथिंबीर मिळाली! हे झालं अस्सल मिअँडर. पण मागे कुत्रा लागला आणि धूम ठोकली, तर ते मिअँडर नाही! वाट चुकली आणि रडू आलं, तर तेही नाही. या शब्दाला दोन गोष्टी हव्यातच. वळणं हवीत आणि घाई नको.

आपल्याकडे हिंडणं आहे, भटकणं आहे, रेंगाळणं आहे. उंडारणं तर आहेच! पण उंडारण्यात एक ओरडा दडलेला असतो. मिअँडरमध्ये तो नाही.

गंमत म्हणजे बोलणंही मिअँडर करतं! आजीची गोष्ट आठव. सुरुवात गणपतीच्या मोदकाने. मग मोदकावरून माहेरचा नारळ, नारळावरून विहीर, विहिरीवरून हरवलेली म्हैस, आणि फिरून पुन्हा मोदक! आजीने केलं की छान वाटतं. 15 ऑगस्टला उन्हात उभं करून पाहुण्यांनी केलं, की मात्र नाही. भाषणाबद्दल हा शब्द कुणी वापरला, तर ते कौतुक नव्हे बरं!

पण मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. नदी मुळात का वळते? सरळ जायला तिला कोण अडवतं?

याचं उत्तर कुठे आहे, सांगू? तुझ्या स्वयंपाकघरात! सपाट बुडाचा काचेचा पेला घे. त्यात गार पाणी भर. चहा गाळल्यावर उरलेला चोथा असतो ना, तो निवला की चमचाभर त्यात टाक. तो बुडाशी बसू दे. आता चमच्याने पाणी गरगर फिरव आणि चमचा काढून घे.

थांब! बघण्याआधी सांग, चोथा कुठे जाईल? तुला वाटेल, कडेला. घाटात एसटी वळली की आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो, तसाच.

आता बघ. सगळा चोथा मधोमध! छोटासा डोंगर करून बसलाय! आहे की नाही जादू?

जादू नाही, खरं तर भांडण आहे. वरचं पाणी जोरात फिरतं आणि एसटीतल्या आपल्यासारखं बाहेर रेटलं जातं. तळाचं पाणी मात्र पेल्याच्या बुडाला घासून घासून मंद होतं. त्याच्यात बाहेर रेटण्याचा जोरच उरत नाही. मग वरचं पाणी भिंतीवर आपटतं, भिंतीवरून खाली उतरतं आणि तळावरून मध्याकडे सरकतं. जाता जाता चोथ्याला ढकलत नेतं. मध्ये पोचल्यावर पाणी वर चढतं, पण जड चोथा कसला चढतोय! तो तिथेच बसतो.

हे कोडं कागदावर कुणी उलगडून सांगितलं असेल? आइन्स्टाइनने! तेच ते, फोटोत जीभ काढून दाखवणारे शास्त्रज्ञ! 1926 साली त्यांनी नद्यांच्या वळणांवर एक लेख लिहिला, आणि त्यात चहाचा कप आणला. विश्वाची कोडी सोडवणारा माणूस चहाच्या पत्तीकडे टक लावून बघतोय, हे चित्र मला फार आवडतं.

आता नदीचं वळण म्हणजे पेल्याचाच एक तुकडा समज. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी जोरात धडकतं आणि माती खरवडून नेतं. तळाचं पाणी वाळू आतल्या काठाकडे ढकलतं. बाहेरचा काठ झिजतो, आतला भरतो. मग वळण आणखी वाकतं. आणखी वाकलं की आणखी झीज! सुरुवात एखाद्या दगडाने होते, नाहीतर ढासळलेल्या दरडीने. एवढासा बाक पुरतो. पुढचं काम नदी स्वतःच करते.

आणि ऐक! नदीचं एक पूर्ण नागमोडी वळण साधारण तिच्या रुंदीच्या 10 ते 14 पट लांब असतं. ओढा असो की भलीमोठी नदी, हिशेब बहुतेक तोच. छोट्याच्या ढांगा छोट्या, थोरल्याच्या मोठ्या!

वाकता वाकता एक दिवस वळणाची दोन टोकं अगदी जवळ येतात. मध्ये उरते जमिनीची चिंचोळी मान. मग पूर येतो आणि पाणी ती मान तोडून थेट पलीकडे जातं. जुनं वळण मागे एकटं राहतं, तळं होऊन. त्याला आपण नालाकृती सरोवर म्हणतो, कारण ते घोड्याच्या नालेसारखं दिसतं. इंग्रजांना मात्र त्यात जुवाचा तो वाकडा भाग दिसला, जो बैलाच्या मानेखालून जातो. तळं तेच, पण आपल्याला आठवला घोडा आणि त्यांना बैल!

आपल्या भीमेलाही वळायला आवडतं बरं. पंढरपूरला ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे तिचं नाव चंद्रभागा. कुणाला वळणात चंद्र दिसला, बघ!

आता परत तुर्कस्तानात. तिथल्या थोरल्या मेंदेरेसने इतकी वर्षं एवढी माती खाल्ली, ती गेली कुठे? समुद्राकडे! नदीच्या मुखाजवळ मिलेटस नावाचं शहर होतं. त्याला एक नाही, चार बंदरं! समोर समुद्रात लादे नावाचं बेट होतं. इ.स.पू. 494 मध्ये त्या बेटाजवळ शेकडो जहाजांची घनघोर लढाई झाली.

आणि नदी? ती रोज थोडी थोडी माती आणून टाकत राहिली. खाडी भरली. बंदरं बुजली. आज मिलेटसचे पडके खांब जमिनीवर उभे आहेत आणि समुद्र कित्येक किलोमीटर लांब सरकला आहे. लादे बेट? ती आता सपाट रानात उभी असलेली एक टेकडी आहे. पायी चालत जावं, पाय ओला होत नाही!

गावांची हद्द हलवली म्हणून दंड व्हायचा ना? इथे तर हिने चार बंदरं आणि एक बेट पळवलं! एवढा दंड फेडायला होडीच्या किती फेऱ्या माराव्या लागल्या असत्या? घे वही, कर हिशेब!