बाटली आडवी झाल्यावर

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट, राज्यभर कडक निर्बंध आणि दारूची दुकाने बंद. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत त्या दिवसांत सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. बहुतेक जण मजुरी करून पोट भरणारे होते. बातमी दोन दिवस चालली, हळहळ झाली, ‘लोक दारूसाठी काय वाट्टेल ते पितात’ असे म्हणून विषय मिटला. पण या घटनेकडे जरा थांबून पाहायला हवे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तुटली, की सकाळी त्याचे हात थरथरू लागतात, चहाचा कप धरवत नाही, घामाने अंग भिजते, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना झटके येतात, नसलेली माणसे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात. उपचार मिळाले नाहीत तर यात जीवही जाऊ शकतो. त्या अवस्थेतला माणूस मौजेसाठी पीत नसतो, थरथर थांबावी म्हणून पितो. देशी मिळाली नाही तर हाताशी येईल ते पितो, आणि सॅनिटायझरमध्ये तर कधी कधी मिथेनॉलसारखे थेट डोळ्यांवर आणि जिवावर उठणारे विषही असते. या थरथरीवर औषध आहे, ते महाग नाही, आणि सरकारी दवाखान्यात ते देता येते. मात्र दुकान बंद करणारी यंत्रणा आणि दवाखाना यांनी त्यासाठी आधी एकमेकांशी बोललेले असावे लागते. गावात रोज पिणारे कोण, बंद झाल्यावर त्यांना कुठे न्यायचे, हे कुणीतरी आधी ठरवलेले असावे लागते. असे ठरवणे हे आपल्याकडे कुणाचेच काम नसते.

यवतमाळात गेली दहाएक वर्षे दारूचा प्रश्न ‘बंदी हवी की नको’ या एकाच वाक्यात अडकून पडला आहे. याला कारण जिल्ह्याच्या भूगोलातही आहे. पूर्वेला वर्धा नदी, आणि पलीकडे गांधीजींच्या वास्तव्यामुळे कित्येक दशके दारूबंदी असलेला वर्धा जिल्हा. नदीच्या खालच्या अंगाला चंद्रपूर. तिथे श्रमिक एल्गारसारख्या संघटनांच्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ला बंदी आली आणि वणीच्या घटनेनंतर जेमतेम महिन्याभरात, मे २०२१मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे. या जिल्ह्यांच्या काठावर यवतमाळ मात्र ‘ओला’. साहजिकच इथल्या बायकांनी विचारले, ‘वर्ध्याला जमते, तर आम्हाला का नाही?’ स्वामिनीसारख्या आंदोलनांनी जिल्हाबंदीची मागणी लावून धरली, मोर्चे काढले. त्या मागणीमागचा संताप शंभर टक्के खरा आहे. रोज शंभर रुपये भट्टीवर गेले तर वर्षाला साडेछत्तीस हजार होतात. कापसाच्या हंगामात मजुरीवर जगणाऱ्या घरातून ते जातात तेव्हा पोराची शाळा, म्हाताऱ्याचे औषध आणि बाईच्या अंगावरचे फुटके मणी एकाच हिशेबात बुडतात. तरीही अनुभव सांगतो, की एकट्या बंदीने हा हिशेब पुरा होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी १३.९ टक्क्यांनी दारू पीत असल्याचे सांगितले. बंदी असलेल्या गडचिरोलीत हे प्रमाण राज्याच्या दुपटीहून जास्त निघाले. यावरून बंदी निकामी आहे असे म्हणणे घाईचे होईल. तिथे मोहाची परंपरा आहे, आणि बंदी नसती तर आकडा किती असता हे या सर्वेक्षणातून कळत नाही. पण बंदी हा शेवट आहे, असे समजणाऱ्यांनी हा आकडा नजरेआड करू नये.

जिल्हाबंदीची वाट न पाहता आजच गावाच्या हातात असलेला अधिकार म्हणजे आडव्या बाटलीचे मतदान. २००८च्या राज्य शासनाच्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण मतदारांपैकी, अथवा महिला मतदारांपैकी, २५ टक्के जणांनी सह्यांचे निवेदन दिले की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. अक्षर न ओळखणाऱ्या आजीलाही कळावे इतके हे सोपे आहे, आणि लोकशाहीतले हे एक सुंदर साधन आहे. पण त्यात एक जीवघेणी अट आहे. आडव्या बाटलीला एकूण यादीतल्या निम्म्याहून अधिक मते लागतात, झालेल्या मतदानातली नव्हे. समजा, गावात बाराशे महिला मतदार आहेत. तीनशे सह्या जमल्या, मतदान ठरले. त्या दिवशी नऊशे जणी आल्या आणि पाचशे नव्वद जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. आलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश बंदीच्या बाजूने, तरी दुकान चालूच, कारण सहाशे एक हवे होते. कामासाठी बाहेरगावी गेलेली, सासरी गेलेली, यादीत नाव राहिलेली मयत बाईसुद्धा या हिशेबात दुकानाच्या बाजूने उभी राहते. आमदार-खासदार निवडताना आपण असली अट घालत नाही. म्हणून मतदानाआधी मतदार यादी शुद्ध करणे हे महसूल खात्याचे काम, वस्तीवस्तीत जाऊन बायकांना आणणे हे बचत गटांचे काम, आणि आदल्या रात्री फुकट वाटली जाणारी दारू रोखणे हे पोलिसांचे काम. तिघांपैकी एक जरी घरी बसला तरी बाटली उभी राहते.

बाटली आडवी झाली, की खरी परीक्षा सुरू होते. परवान्याचे दुकान बंद होते, पण आठवड्याभरात शेजारच्या गावातून पव्वे मोटारसायकलच्या डिकीतून येऊ लागतात, नाल्याकाठी मोहफुलाचा सडवा पुन्हा आंबायला पडतो. पोलीस येतात, सडवा ओतून देतात, फोटो निघतो. चार दिवसांनी दुसऱ्या नाल्यावर डबे लागतात. यावर कायद्यात तोडगे नाहीत असे नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम ९३खाली सराईत विक्रेत्याकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेता येते. हातभट्टीवाल्यांविरुद्ध एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते. २०१६मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ग्रामरक्षक दलांचीही तरतूद झाली. जिल्ह्यातल्या केळापूर, राळेगाव, मारेगाव, घाटंजी या भागांतली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा तिचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. म्हणजे साधने पुष्कळ आहेत. अडते ते इथे की बंधपत्र तहसील-पोलीस पातळीवर, परवाना उत्पादन शुल्क विभागाकडे, ठराव ग्रामपंचायतीत आणि आजारी माणूस घरात. प्रत्येकाने आपापला कागद हलवला तरी माणूस हलत नाही.

आणि माणूस हलवण्याचे काम दवाखान्याचे आहे. एम्सच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि दारूवर अवलंबून झालेल्या दर ३८ जणांपैकी कसाबसा एक जण कोणत्या तरी उपचारापर्यंत पोहोचतो. उरलेले सदतीस जण कुठे असतात? घरात, शेतात, बसस्टँडच्या बाकावर. ‘दारुड्याला औषध कशाला, चार रट्टे दिले की सुधारतो’ हा समज त्यांना तिथेच ठेवतो. गावोगावी मनोविकारतज्ज्ञ कुठून आणायचे, हा प्रश्नही रास्त आहे, पण त्याला उत्तर मिळालेले आहे. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अति पिणाऱ्या पुरुषांसाठी साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून काही बैठका घेतल्या. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जणांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. समुपदेशक डॉक्टर नव्हते, ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीचे कार्यकर्ते आणि दवाखाना यांची साखळी बांधली, तेव्हा नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वाढली ती दवाखान्यापर्यंत नेणारी वाट. यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आशाताई घरोघर जातात, आणि शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ला सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पाची ओळखही जिल्ह्याला आहे. आशाताईंच्या प्रश्नावलीत किती वेळा पिता, एका वेळी किती, आणि कधी बेसुमार होते का, एवढे तीन प्रश्न नीट विचारले तरी धोका ओळखता येतो. जगभर तेच तीन प्रश्न वापरले जातात.

हे सगळे एकत्र बांधायचे कसे, याचा नमुना लांब शोधायला नको. गडचिरोलीत २०१६पासून चालणारे ‘मुक्तिपथ’ अभियान राज्य सरकार, डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था, टाटा ट्रस्ट्स आणि लोक यांच्या भागीदारीतून उभे राहिले. दारू आणि तंबाखू दोन्ही कमी करायचे, आणि त्यासाठी जनजागृती, गावसंघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचार ही चार कामे एकाच वेळी चालवायची, अशी त्याची मांडणी. तंबाखूचा समावेश मला फार शहाणपणाचा वाटतो. विदर्भात सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी शाळकरी पोरांच्या खिशात पोहोचली आहे, आणि गुटख्यावर २०१२पासून राज्यात बंदी असूनही ती पोहोचली आहे. मुक्तिपथने गडचिरोली व्यसनमुक्त केली असा दावा कुणी करू नये. पण बंदी असलेल्या जिल्ह्यालाही उपचार केंद्रे आणि गावसंघटना उभाराव्या लागल्या, एवढे त्यातून निश्चित शिकता येते.

अशी भागीदारी यवतमाळात उभी करायची म्हटली, की काही आक्षेप येतील, आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला मोहाचा. कोलाम, गोंड, परधान समाजांत मोहाला देवाधर्मात, जन्म-मृत्यूच्या विधीत जागा आहे, बाहेरच्यांनी तिथे शहाणपणा शिकवू नये, असे म्हटले जाते. विधीत अर्पण होणारा मोह आणि गावाबाहेर नवसागर टाकून विक्रीसाठी गाळली जाणारी दारू यांतला फरक त्या समाजातल्या बायकांना कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. पेसाने निर्णय ग्रामसभेकडे दिला तो त्यासाठीच. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यात दारूवर बोलणे म्हणजे कापसाचा भाव, पाऊस, कर्ज यांवरून लक्ष उडवून दोष शेतकऱ्याच्याच माथी मारणे. ही भीती पोकळ नाही. आत्महत्याग्रस्त कुटुंब एक लाखाच्या मदतीला पात्र की अपात्र हे ठरताना ‘दारूमुळे’ असा शेरा पडेल, या धास्तीने घरे पिण्याची गोष्ट लपवतात. त्यामुळे उपचाराची वेळ आधीच निघून जाते. म्हणून या भागीदारीची पहिली अट हीच असावी, की व्यसनाची नोंद उपचारासाठीच वापरली जाईल, मदत नाकारायला कधीही नाही. तिसरा आक्षेप महसुलाचा. राज्याला दारूतून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक मिळतात, ते कोण सोडणार? सोडा असे इथे म्हटलेलेच नाही. यवतमाळ जिल्ह्यातून जे गोळा होते त्याचा छोटासा ठरलेला वाटा याच जिल्ह्यात समुपदेशक नेमायला द्या, एवढीच मागणी आहे.

शेवटचा आक्षेप सगळ्यांच्या ओठांवर असतो: समित्या आहेतच की! खरे आहे. अंमली पदार्थांविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समन्वय समिती असते, पण तिचा भर गांजा आणि एमडीवर (मेफेड्रोन). दारू कायदेशीर असल्याने ती कुणाच्याच अजेंड्यावर पूर्ण बसत नाही. शिवाय समितीला काम देते ती माहिती. ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात एका शल्यचिकित्सकाने, जोनाथन शेफर्ड यांनी, अपघात विभागात मारहाणीच्या रुग्णांना मोजक्याच गोष्टी विचारायला लावल्या: कुठे झाले, कधी झाले आणि कशाने. नाव न देता ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेला दर महिन्याला दिली. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या बारभोवती गस्त हवी हे कळले, आणि तुलनेच्या शहरांपेक्षा तिथे हिंसेमुळे रुग्णालयात भरती होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी राहिल्याचे २०११च्या अभ्यासात दिसले. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात, वणी-पुसद-दारव्ह्याच्या रुग्णालयांत रात्री येणाऱ्या डोके फुटलेल्या, गाडीवरून पडलेल्या रुग्णांच्या आणि मार खाल्लेल्या बायकांच्या केसपेपरवर हीच उत्तरे लिहिली, तर महिन्याभरात अवैध विक्रीचा नकाशा आपोआप तयार होईल. त्याला नवा कायदा लागत नाही, एक रकाना लागतो.

येत्या ग्रामसभेत हे तीन प्रश्न लिहून न्या आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला लावा: आपल्या मतदार यादीत मयत आणि स्थलांतरित नावे किती, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दारू सोडवण्याची औषधे आहेत का, आणि गावात विक्री बंद झाली तर पहिल्या आठवड्यात रोज पिणाऱ्यांकडे कोण जाणार. आणि घरात कुणी थरथरत्या हाताने सकाळ काढत असेल तर ग्रामसभेचीही वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.