मंगळयात्रेचा हिशेब

मंगळावर माणूस पाठवावा काय, असा प्रश्न निघाला की कोणी पैशावर बोट ठेवतो, कोणी पराक्रमाचे गोडवे गातो. आपण नुसता हिशेब मांडून पाहू.

१९७० साली अपोलो-१३ यानातील प्राणवायूची टाकी वाटेत फुटली. तरी तिघेही प्रवासी चार दिवसांच्या आत सुखरूप परतले. चंद्र जवळचा, म्हणून हे साधले. मंगळाला पोहोचायलाच सहा ते नऊ महिने लागतात. शिवाय पृथ्वी व मंगळ यांची सोयीची स्थिती सुमारे २६ महिन्यांनी येते. म्हणजे परतीसाठी तेथे साधारण दीड वर्ष थांबणे आले. तेवढ्या काळाचे अन्न, पाणी, हवा आणि परतीचे इंधन! खर्च फुगतो तो येथे. त्यात अवकाशातील किरणांचा मारा. त्याने कर्करोगाचा धोका वाढतो.

उलट, २०१३ साली निघालेले आपले मंगळयान सुमारे ४५० कोटी रुपयांत मंगळाभोवती फिरू लागले. त्याला भूक नव्हती, घरची ओढही नव्हती.

मग माणूस नकोच काय? तसे नव्हे. १९७२ साली चंद्रावर उतरलेल्या हॅरिसन श्मिट या भूशास्त्रज्ञाने नारिंगी माती चालता चालता नजरेने टिपली. अशी पारख यंत्राला सहजी येत नाही.

तेव्हा आधी यंत्रे जावीत, मागून माणूस. प्रवासी स्वखुशीने जीव पणाला लावील. पण त्याला परत आणण्याचे वचन आपले असते. ते पाळता येईल, तेव्हाच द्यावे.