‘गुड्डी’ : पडद्यामागचे हात

चित्रपट हा स्वप्ने विकण्याचा व्यवसाय आहे, असे नेहमी म्हटले जाते. विकणाऱ्याने मालाची झळाळी वाढवावी आणि घेणाऱ्याने तिला भुलावे, हा बाजाराचा जुनाच रिवाज. परंतु दुकानदारानेच गिऱ्हाइकाला हाताला धरून गोदामात न्यावे आणि माल कसा बनतो, तो कोण घडवतो हे मोकळेपणाने दाखवावे, असे क्वचितच घडते. हिंदी चित्रपटसृष्टीत १९७१ साली ते घडले. हृषीकेश मुखर्जी दिग्दर्शित ‘गुड्डी’ या चित्रपटाने रुपेरी दुनियेची हसत-खेळत थट्टा केली आणि ती करताना त्या दुनियेत राबणाऱ्या माणसांविषयी आदरही जागवला.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये असरानी आणि नोव्हेंबरमध्ये धर्मेंद्र, असे या चित्रपटातील दोन महत्त्वाचे कलाकार लागोपाठ काळाच्या पडद्याआड गेले. त्या निमित्ताने या चित्रपटाविषयीची काही रंजक आणि उद्बोधक माहिती वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न.

वेडावरचा उपाय

कुसुम ऊर्फ गुड्डी ही शाळकरी मुलगी. चित्रपटांचे तिला विलक्षण वेड आणि त्यातही धर्मेंद्र म्हणजे तिचे दैवत. वहिनीचा भाऊ नवीन तिच्यावर प्रेम करू लागतो, तेव्हा आपले मन धर्मेंद्रला वाहिलेले आहे, असे ती त्याला सरळ सांगून टाकते. नवीनचे मामा प्राध्यापक गुप्ता हे मानसशास्त्राचे जाणकार. दटावून किंवा उपदेश करून असले वेड जात नाही, उलट ते वाढते, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून ते थेट धर्मेंद्रशीच संपर्क साधतात आणि गुड्डीला चित्रीकरणाच्या जागी नेऊन तेथील व्यवहार तिच्या डोळ्यांनी पाहू देतात.

तेथे तिला काय दिसते? जिवावरचे दृश्य नायकाऐवजी दुसराच माणूस करतो. टाळ्या मात्र नायकाला मिळतात. पडद्यावर क्रूर दिसणारा खलनायक प्रत्यक्षात सौजन्याची मूर्ती असतो. नायक होण्यासाठी घर सोडून पळालेला कुंदन (असरानी) येथे गर्दीतला एक निनावी चेहरा होऊन उभा असतो. धर्मेंद्र तिला एका उजाड झालेल्या स्टुडिओत नेतो आणि बिमल रॉय यांच्या दिवसांची आठवण काढतो. ज्या जागी एके काळी मोठमोठे चित्रपट घडले, तेथे आता शुकशुकाट आहे. विनोदी चित्रपटातला हा प्रसंग प्रेक्षकाला अंतर्मुख करतो.

येथे धर्मेंद्रने स्वतःचीच भूमिका केली आहे, हे विशेष. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या नटाने ‘माझ्या पराक्रमावर विश्वास ठेवू नका’ असे पडद्यावरून सांगणे, ही साधी गोष्ट नव्हती. त्याच्याबरोबर प्राण, अशोक कुमार, राजेश खन्ना, अमिताभ बच्चन असे अनेक नामवंत या चित्रपटात स्वतःच्याच रूपात क्षणभर दर्शन देऊन जातात.

एकाच गुरूचे शिष्य

बिमल रॉय यांची आठवण चित्रपटात सहजच आलेली नाही. हृषीकेश मुखर्जी हे मुळात त्यांचे संकलक. ‘दो बिघा जमीन’ (१९५३) आणि ‘मधुमती’ (१९५८) यांचे संकलन त्यांचेच. ‘गुड्डी’चे कथालेखक गुलजार यांना गीतकार म्हणून ओळख मिळाली ती बिमल रॉय यांच्याच ‘बंदिनी’ (१९६३) मधून, आणि त्याच ‘बंदिनी’त धर्मेंद्रची महत्त्वाची भूमिका होती. म्हणजे दिग्दर्शक, लेखक आणि नायक हे तिघेही एकाच परंपरेत वाढलेले. या परंपरेत नटाइतकेच महत्त्व लेखकाला, छायाचित्रकाराला आणि संकलकाला होते. ‘गुड्डी’तील टीका बोचरी न होता मायेची का वाटते, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते. घरातल्या माणसाने घरातल्या दोषांवर बोट ठेवावे, तसा तिचा सूर आहे.

पुण्याचा वाटा

जया भादुरी आणि असरानी हे दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. १९६० साली स्थापन झालेली ही संस्था ज्या वास्तूत उभी राहिली, ती मूळची प्रभात फिल्म कंपनीची. मराठी चित्रपटाच्या सुवर्णकाळाची साक्षीदार असलेल्या त्या आवारात शिकून ही मंडळी मुंबईत आली होती. जया भादुरी यांनी त्याआधी सत्यजित राय यांच्या ‘महानगर’ (१९६३) मध्ये काम केले होते. नायिका म्हणून हिंदीत त्या आल्या ‘गुड्डी’तूनच.

नवीनच्या भूमिकेसाठी प्रथम अमिताभ बच्चन यांची निवड झाली होती, ही हकिगत रसिकांमध्ये प्रसिद्ध आहे. परंतु त्याच वर्षी आलेल्या हृषीकेश मुखर्जींच्याच ‘आनंद’मुळे त्यांचा चेहरा घरोघरी पोहोचला. प्रसिद्ध नटाच्या समोर एक साधा, अनोळखी तरुण उभा करायचा, हाच तर कथेचा कणा. म्हणून ती भूमिका बंगाली नट समित भंज यांच्याकडे गेली. चेहऱ्याची प्रसिद्धी हीच एखाद्या भूमिकेतील अडचण ठरावी, याहून समर्पक किस्सा ‘गुड्डी’च्या वाट्याला कोणता येणार?

बँकेतून ध्वनिमुद्रणाकडे

आपल्या वाचकांना विशेष आपुलकीची वाटावी अशी गोष्ट ‘गुड्डी’च्या संगीतात दडलेली आहे. चित्रपटाचे संगीतकार वसंत देसाई. तळकोकणातला हा कलावंत व्ही. शांताराम यांच्या सहवासात घडला. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) यांचे संगीत त्यांचे. ‘गुड्डी’साठी त्यांनी हिंदी चित्रपटसृष्टीला अपरिचित असलेला आवाज निवडला. तो आवाज होता वाणी जयराम यांचा.

वेल्लोर येथे जन्मलेल्या वाणी जयराम या भारतीय स्टेट बँकेच्या नोकरीत होत्या. चेन्नई, पुढे हैदराबाद आणि विवाहानंतर मुंबई, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी पतियाळा घराण्याचे उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतली आणि अखेर बँकेची सुरक्षित नोकरी सोडून गायन हाच व्यवसाय स्वीकारला. वसंत देसाई यांनी त्यांना प्रथम मराठीत गाऊ दिले. ‘देव दीनाघरी धावला’ या बाळ कोल्हटकरांच्या नाटकातील ‘ऋणानुबंधाच्या’ हे कुमार गंधर्वांबरोबरचे त्यांचे युगलगीत मराठी घरांत आजही आवर्जून ऐकले जाते.

त्यानंतर ‘गुड्डी’ आला. मियाँ मल्हार रागावर आधारलेले ‘बोल रे पपीहरा’ देशभर गाजले आणि चित्रपटातील शाळेची प्रार्थना तर पडद्यावरून उतरून खऱ्याखुऱ्या शाळांमध्ये जाऊन बसली. ती रोज म्हणणाऱ्या कित्येक मुलांना ती कोणत्या चित्रपटातील आहे, हे ठाऊकही नसते. वाणी जयराम यांनी पुढे अनेक भारतीय भाषांत गायन केले आणि तीनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. जानेवारी २०२३ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाला आणि ४ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

कुंदन आणि वाणी जयराम यांची तुलना येथे मनात येते. एक काल्पनिक, दुसरी खरी. घरदार किंवा नोकरी दोघांनीही सोडली. पण कुंदन केवळ झगमगाट पाहून निघाला होता, तर वाणीबाईंनी आधी तालीम घेतली, आपली तयारी पारखली आणि मगच पाऊल उचलले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, एकाने तारणावाचून उचल घेतली आणि दुसरीने आधी ठेव जमवली.

उसना आवाज

पडद्यामागच्या माणसाला श्रेय न मिळण्याचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. हॉलिवूडच्या ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) या गाजलेल्या विनोदी चित्रपटाचा विषय हाच आहे. मूकपट संपून बोलपट येतात; देखण्या नायिकेचा आवाज मात्र कर्कश. मग एक होतकरू मुलगी तिला पडद्याआडून आपला आवाज देते. गंमत अशी की, ती आवाज देणारी मुलगी साकारणाऱ्या डेबी रेनॉल्ड्स यांच्यासाठी एका गाण्यात दुसऱ्याच गायिकेचा आवाज वापरला गेला. आणि ज्या संवादात ती कर्कश नायिकेला आवाज देताना दिसते, तेथे प्रत्यक्षात ऐकू येतो तो कर्कश नायिकेची भूमिका करणाऱ्या जीन हेगन यांचाच मूळचा गोड आवाज! फसवणुकीची थट्टा करणाऱ्या चित्रपटालाही तीच युक्ती वापरावी लागली.

आपल्याकडे ‘महल’ (१९४९) चित्रपटाच्या गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. ते पात्राचे नाव. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर.

याउलट, पडदा बाजूला सारण्याची परंपराही मराठी माणसाचीच आहे. दादासाहेब फाळके यांनी आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून पैसा उभा केला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला. त्यातील तारामती होते अण्णा साळुंके नावाचे पुरुष, आधी उपाहारगृहात काम करणारे. पुढे १९१७ मध्ये चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारा एक छोटा माहितीपटही फाळक्यांनी काढला. प्रेक्षकाला अंधारात न ठेवता शहाणे करावे, ही वृत्ती ‘गुड्डी’च्याही आधी अर्धशतक आपल्या मातीत रुजली होती. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) ने फाळक्यांचा तो काळ हसत-खेळत पुन्हा उभा केला. सिनेमात काम करणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई, म्हणून आपण ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ कामाला आहोत असे सांगा, असा सल्ला फाळके आपल्या माणसांना देत. चित्रपटाचे नाव त्यावरूनच आले.

नेपथ्य आणि वास्तव

उत्तर भारतात बदली होऊन आलेल्या मराठी बँक कर्मचाऱ्यांना गुड्डीसारखाच अनुभव पानिपतजवळच्या काला अंब येथे येतो. १४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामाची ही स्मृतिभूमी. मराठी मनात पानिपत ठसले आहे ते कादंबऱ्या, पोवाडे, नाटके आणि चित्रपट यांतून. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘पानिपत’ (२०१९) साठी शनिवारवाडा उभारला गेला तो कर्जत येथील स्टुडिओत, नेपथ्य म्हणून. प्रत्यक्ष काला अंब येथे मात्र ना रणवाद्ये, ना तोफा. ज्या आंब्याच्या झाडावरून जागेला नाव पडले, ते झाडही नाही. त्याच्या जागी एक साधा विटांचा स्तंभ आणि भोवती शांत बाग. प्रथम पाहणाऱ्याची थोडी निराशा होते. पण तेथे काही वेळ थांबले की जाणवते, येथे लढले ते कोणी नट नव्हते, आणि त्यांतील बहुतेकांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. झगमगाट ओसरल्यावर जे उरते, त्याचे मोल अधिक असते, हे ‘गुड्डी’चे सूत्र येथे वेगळ्या, गंभीर अर्थाने पटते.

पैशाची बाजू

‘गुड्डी’च्या काळात चित्रपटनिर्मितीला बँकांचे दरवाजे जवळजवळ बंद होते. निर्माते खासगी सावकारांकडून चढ्या व्याजाने पैसा उचलत. १९६० साली स्थापन झालेले फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन हा एक अपवाद. ‘गुड्डी’त प्राध्यापक गुप्ता साकारणाऱ्या उत्पल दत्त यांचा ‘भुवन शोम’ (१९६९) याच महामंडळाच्या अर्थसाहाय्यातून झाला. पुढे १९९८ मध्ये केंद्र सरकारने चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याचे जाहीर केले आणि २००० साली भारतीय औद्योगिक विकास बँकेच्या कायद्याखाली तशी अधिसूचना निघाल्यावर संस्थात्मक कर्जाचा मार्ग मोकळा झाला. कर्ज देणारी संस्था मात्र केवळ नायकाचे नाव पाहत नाही. ती करार, वितरणाचे हक्क, विमा आणि निर्मात्याचा पूर्वेतिहास तपासते. प्राध्यापक गुप्तांनी गुड्डीला जे शिकवले, तेच हे : चेहरा पाहून थांबू नका, मागे काय आहे ते पाहा.

ग्राहकांसाठी थोडेसे

गुड्डीचे वेड हे एका मुलीचे निरागस वेड होते. आज मात्र प्रसिद्ध चेहरे साबणापासून गुंतवणूक योजनांपर्यंत सर्व काही विकतात. आवडता नट सांगतो म्हणून आयुष्याची पुंजी एखाद्या योजनेत गुंतवणारी माणसे आपल्या आसपास आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल, योग्य ती शहानिशा न करता तिची भलामण करणाऱ्या व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचा हा आधार मोलाचा असला, तरी बुडालेला पैसा दंडाने परत येत नाही.

म्हणून कोणत्याही योजनेत पैसे गुंतवण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. ही योजना कोणाची? तिच्यावर कोणत्या नियामक संस्थेचे नियंत्रण आहे? परताव्याची हमी कोण देतो आणि ती कोठे लिहिलेली आहे? जाहिरातीतला चेहरा क्षणभर झाकला, तर उरलेला मजकूर आपल्याला पटतो का? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत स्वाक्षरी न करणे श्रेयस्कर. शंका असल्यास आपल्या शाखेतील अधिकाऱ्याकडे अवश्य विचारणा करावी.

चित्रपटाच्या शेवटी गुड्डी सिनेमाचा तिरस्कार करू लागत नाही. ती केवळ डोळस होते. पडद्यावरच्या नायकाविषयीचे तिचे वेड ओसरते आणि शेजारी उभ्या असलेल्या खऱ्या माणसाची किंमत तिला कळते. चित्रपट अवश्य पाहावेत, त्यांतील स्वप्नांत रमावे, नटांवर प्रेमही करावे. व्यवहाराच्या वेळी मात्र गोदामात डोकावून पाहण्याची सवय ठेवावी. त्या गोदामात राबणारे निनावी हात पाहिले, की स्वप्नांची गोडी कमी होत नाही. त्यांची खरी किंमत मात्र कळते.