सपाट माथ्याची लाट

जोगेश्वरी पश्चिमेस, स्वामी विवेकानंद मार्गालगतच्या एका दुकानी, मोटारीच्या डिकीत नवा ॲम्प्लिफायर बसवून झाल्यावर कारागिराने पेचकस उचलून "साहेब, गेन फुल ठेवू?" असे ज्या सहजतेने विचारले, तिच्यात या पेचाविषयीचा सार्वत्रिक गैरसमज सामावलेला आहे. गेन म्हणजे आवाज वाढविण्याची कळ नव्हे. कोणत्या डेकमधून दोन व्होल्टचा संकेत येतो, कोणत्यातून चारचा. त्यांपैकी कितव्या व्होल्टास ॲम्प्लिफायरने आपली सारी शक्ती खर्ची घालावी, एवढीच तजवीज त्या इवल्याशा पेचाकडे असते.

ती चुकली म्हणजे काय घडते, हे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहावे. स्पीकरच्या तारा सोडवून, बास बूस्ट बंद करून, डेकचा आवाज पाऊणपर्यंत चढवून (तेथे डेकचा स्वतःचा तरंग शाबूत असल्याची खातरजमा आधी करून) वूफरसाठी ५० हर्ट्‌झचा शुद्ध स्वर लावला, की पडद्यावर गोल माथ्याची नितळ लाट उमटते. पेच फिरवावा तसतशी ती उंचावते, आणि एका क्षणी तिचा माथा विळीवर चिरल्यासारखा सपाट होतो. वीजपुरवठ्याची हद्द ती हीच. पुढे जाण्याचा हुकूम सुटला तरी त्याची तामिली व्हावी कशी? माथा गोल होईपर्यंत पेच मागे घ्यावा, आणि वर आणखी किंचित, कारण स्पीकर जोडल्यावर पुरवठ्याचा दाब थोडा ढळतोच.

चार ओहमच्या स्पीकरला १०० वॉट देणाऱ्या लाटेचे शिखर सुमारे २८ व्होल्टांचे असते. तेवढ्याच शिखराची लाट पूर्ण चौकोनी झाली, तर वॉट होतात २००, आणि ती उष्णता व्हॉइस कॉइलच्या बारीक तारेस सोसावी लागते. कानावर मात्र विसंबू नये. खर्जाच्या प्रांतात तो पुरता फितूर असून, विकृतीलाच 'दणका' म्हणून दाद देतो.

एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे: ब्रिज जोडणीत ॲम्प्लिफायरच्या दोन्ही टोकांवर तरंग खेळत असतो, म्हणून घरच्या विजेवरील, अर्थिंग असलेल्या ऑसिलोस्कोपचा चिमटा तेथे लावल्यास शॉर्ट सर्किट होण्याचा धोका असतो; त्यापेक्षा बॅटरीवरचे हातातील यंत्र बरे.

त्या दिवशी पेच निम्म्याच्याही अलीकडे थांबला. "बस, एवढाच?" म्हणत कारागीर खट्टू झाला, तरी पडद्याकडे पुन्हा एकदा पाहून त्याने पेचाच्या खाचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.