परदेशात डिझायनर व्हायचंय? आधी मोंढ्यात चक्कर मारा

उमरीच्या स्टेशनवर देवगिरी एक्स्प्रेस पकडली की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. अप्लाइड आर्टला तुमच्यातले बरेच जण असेच गेले. आधी एलिमेंटरी-इंटरमिजिएट, मग सीईटी, मग चार वर्षं जे. जे. नाही तर संभाजीनगर. आता डिग्री हातात आहे, लॅपटॉपचे हप्ते चालू आहेत आणि पुण्यातली एजन्सी पगाराचा जो आकडा सांगते तो घरी सांगायची लाज वाटते. मग रात्री मोबाइलवर बर्लिन, अ‍ॅमस्टरडॅम, टोरँटो सुरू होतं. तेवढ्यात कुठल्या तरी कन्सल्टन्सीचा फोन येतो: जर्मनीत डिझायनरचा जॉब पक्का, फक्त इतके लाख भरा. आणि घरात बाबा म्हणतात, दोन एकर गहाण टाकू.

टाकू नका. निदान पुढचं वाचेपर्यंत तरी.

तो माणूस ज्याबद्दल बोलतोय ते जर्मनीचं ऑपॉर्च्युनिटी कार्ड खरं आहे, १ जून २०२४ पासून मिळतं. पण ते नोकरीचं पत्र नव्हे. नोकरी शोधायला वर्षभर तिथं राहू देणारा तो परवाना आहे. शिक्षण, भाषा, वय, अनुभव यांचे मिळून ६ गुण लागतात. शिवाय महिन्याला हजारावर युरो, म्हणजे लाखभर रुपये, या हिशेबानं वर्षाच्या खर्चाची सोय आधीच दाखवावी लागते. आठवड्याला २० तास अर्धवेळ काम करता येतं. आपली पदवी तिथं चालते का, हे अनाबिन नावाच्या जर्मन डेटाबेसवर घरबसल्या फुकट बघता येतं. आणि नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाकडे लागते, नाव ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते. लाखांत बोलणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारून बघा.

आता खरी गोष्ट. डिझाइनमध्ये मार्कशीट कुणी बघत नाही, पोर्टफोलिओ बघतात. आणि आपल्या पोरांचे पोर्टफोलिओ उघडले की काय दिसतं? स्टारबक्सचा नवा कप, नायकेचं पोस्टर, एक फूड डिलिव्हरी अ‍ॅप. अरे, उमरीत स्टारबक्स आहे का? बर्लिनच्या स्टुडिओत बसलेल्या बाईनं ते अ‍ॅप शेकडो वेळा पाहिलेलं असतं. तिला तुमच्याकडून तेच कशाला हवंय?

त्यापेक्षा मोंढ्यात जा. कृषी सेवा केंद्रात कीटकनाशकाची बाटली हातात घ्या. तिच्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. औषध घ्यायला आलेल्या दहा जणांना विचारा, या रंगाचा अर्थ काय? किती जण सांगतात ते लिहून घ्या. वापराची माहिती मुंगीएवढ्या अक्षरांत असते, कितीतरी वेळा घडी घातलेल्या कागदावर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याला कारणं अनेक होती, लेबल काही एकटं दोषी नव्हतं. पण ज्याला वाचता येत नाही, ज्याचे हात ओले आहेत, जो उन्हात उभा आहे, त्याला कळेल असं लेबल कसं करायचं, हा जगात कुठंही डिझाइनचा अस्सल प्रश्न आहे. पाच लेबलं काढा, त्याच दहा जणांना दाखवा, तीन फसतील. फसलेलीही पोर्टफोलिओत ठेवा, का फसली ते लिहून. असे तीन-चार प्रकल्प बास होतात.

दुसरी आपली जमेची बाजू म्हणजे देवनागरी. सेतू केंद्रात ज्या मंगल फॉन्टमध्ये तुमचे अर्ज टाइप होतात, तो मायक्रोसॉफ्टसाठी र. कृ. जोशी या मराठी माणसानं घडवला. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारे मुक्त, बलू, मोदक हे मुंबईच्या एक टाइप या गटाचे. परदेशी कंपन्यांना भारतीय लिप्या लागतातच, आणि वेलांटी कुठं बसते हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात टाइपफेस डिझाइनचा एमए आहे, तिथं लॅटिनखेरीजच्या लिप्यांना मोठं स्थान आहे. फी मात्र दणदणीत.

शिकायलाच जायचं तर जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवावे लागतात आणि एपीएस प्रमाणपत्राचे १८ हजार रुपये वेगळे. कला विद्यापीठं पोर्टफोलिओ मागतात, पुष्कळ ठिकाणी चाचणीही असते. कोर्स इंग्रजीत असला तरी जर्मन शिका, कारण छोट्या स्टुडिओत ग्राहक जर्मनच बोलतो. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं थांबता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार. अमेरिकेचं तूर्त सोडाच. सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा तर कंपनीवर एक लाख डॉलरचं ओझं आहे. नवख्या डिझायनरसाठी कोण भरणार? पैशांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि सारथीची शिष्यवृत्ती आहे. जाहिरातीत तुमचा अभ्यासक्रम बसतो का, ते आधी बघा.

दरम्यान घरून काम मागायला कुणाची परवानगी लागत नाही. आवडलेले दहा छोटे स्टुडिओ निवडा. प्रत्येकाला वेगळी मेल, पाच ओळींची, सोबत दहा एमबीच्या आतली पीडीएफ. त्यांचं कोणतं काम आवडलं ते नाव घेऊन लिहा. आणि मध्यरात्री पाठवू नका. जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उमरीत उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड झालेला असतो. जेवण करून बसा आणि तेव्हा पाठवा.