सॅक्रमेंटोचा नववा नंबर

१६ एप्रिल २०२५ च्या रात्री सॅक्रमेंटो किंग्ज आपल्याच मैदानात डॅलसकडून १२०-१०६ असे हरले. प्लेऑफमध्ये शिरण्याची शेवटची फटही बुजली. प्रेक्षक अजून घरी पोचत होते तोच बातमी आली, की संघाची बांधणी करणारे जनरल मॅनेजर माँटी मॅकनेअर पद सोडत आहेत. अवघ्या दोन वर्षांपूर्वी याच मॅकनेअरना अमेरिकेतले बास्केटबॉलवाले डोक्यावर घेऊन नाचत होते.

एनबीएच्या तीस संघांमधून आपल्या वाचकांसाठी किंग्जच का निवडले, याचं कारण सोपं आहे. संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मले, जुहूत वाढले आणि एमआयटीत शिकून पुढे संगणक-उद्योगात मोठे झाले. २०१३ साली त्यांच्या गटाने हा संघ घेतला आणि रणदिवे एनबीए संघाचे भारतात जन्मलेले पहिले प्रमुख मालक ठरले. संघाची किंमत तेव्हा ५३ कोटी ४० लाख डॉलर धरली होती. संघ सिएटलला हलवायचा घाट जवळजवळ पुरा झाला होता. लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी तो हाणून पाडला, आणि जेमतेम पाच लाख वस्तीच्या या शहराचा एकुलता एक मोठा व्यावसायिक संघ शहरातच राहिला. रणदिव्यांचं हे ऋण सॅक्रमेंटो विसरलेलं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, त्यातही किंग्ज होतेच. समोर इंडियाना पेसर्स होते. दोन्ही सामने इंडियानाने जिंकले, पहिला तर जादा वेळेत, अवघ्या एका गुणाने.

मुंबईत आलेल्या त्या इंडियानाच्या संघात डोमंटस सबोनिस होता. पुढे तो किंग्जचा आधारस्तंभ बनला. तो आला कसा, ते आधी सांगायला हवं, कारण २०२५ च्या संघाचं कोडं तिथून सुरू होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जनी टायरिस हॅलिबर्टन हा एकवीस वर्षांचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ मांडणारा खेळाडू, इंडियानाला दिला आणि सबोनिसला घेतलं. डिॲरन फॉक्स हा दुसरा तितकाच चपळ गार्ड हाताशी होता, म्हणून हा सौदा पेलला. पाठोपाठ माइक ब्राउन प्रशिक्षक म्हणून आले. २०२२-२३ च्या मोसमात संघाने ४८ सामने जिंकले, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक मिळवला आणि सलग सोळा मोसम प्लेऑफ न पाहण्याचा नकोसा विक्रम संपवला. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळ्या प्रकाशाचा झोत सोडायची प्रथा त्याच वर्षीची. पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटविरुद्ध सात सामन्यांपर्यंत झुंज दिली. सातव्यात स्टेफ करीने पन्नास गुण ठोकले, त्याला कोण काय करणार?

उतरण त्यानंतर लागली. पुढच्या वर्षी ४६ विजय आणि नववा क्रमांक. त्याच्या पुढच्या वर्षी ४० विजय, ४२ पराभव आणि पुन्हा नववा क्रमांक. पश्चिम विभागात पंधरा संघ असतात. पहिले सहा थेट प्लेऑफला जातात, सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या चौघांना एकमेकांशी खेळून उरलेल्या दोन जागा मिळवाव्या लागतात. नववा येणारा संघ चांगला नसतो आणि वाईटही नसतो. खरी अडचण इथेच आहे. वाईट संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरचा क्रमांक मिळतो. किंग्जची २०२५ ची निवड जुन्या एका सौद्यापोटी अटलांटाला जाणार होती, पण ती पहिल्या बारांत आली तर किंग्जकडेच राहील अशी अट होती. ती तेराव्या क्रमांकावर आली आणि गेली. म्हणजे प्लेऑफही नाही आणि निवडही नाही.

दरम्यान संघाचा कणाच बदलला होता. २७ डिसेंबर २०२४ ला, संघ १३-१८ वर असताना, ब्राउनना काढलं. हेच ब्राउन २०२३ मध्ये सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले होते, तेही एकमताने, आणि तसं लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं होतं. महिनाभरात फॉक्सनेही दुसरीकडे जायचं ठरवलं. फेब्रुवारीत तीन संघांच्या सौद्यात तो सॅन अँटोनियोला गेला आणि शिकागोहून झॅक लवीन आला, सोबत पहिल्या फेरीच्या काही निवडी. हॅलिबर्टन आणि फॉक्स, दोघेही गेले. तीन वर्षांपूर्वी ज्या संघाकडे दोन पॉइंट गार्ड होते, त्याच्याकडे आता एकही धड उरला नाही. सॅक्रमेंटोचा चाहता जून महिन्यात टीव्हीसमोर काय विचार करत असेल, हे मी सांगायला नको. हॅलिबर्टन इंडियानाला घेऊन अंतिम फेरीत पोचला होता आणि ओक्लाहोमाविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत लढत होता.

मॅकनेअर यांच्या जागी नवे जनरल मॅनेजर आले स्कॉट पेरी. २०१७ मध्ये किंग्जनी फॉक्सला निवडलं तेव्हा पेरी याच कार्यालयात होते. पुढे न्यूयॉर्कला जाऊन ते परतले. त्यांनी डग ख्रिस्टी यांना पूर्णवेळ प्रशिक्षक नेमलं. ख्रिस्टी घरचे. २००२ मध्ये ६१ सामने जिंकून लेकर्सशी सातव्या सामन्यापर्यंत लढलेल्या त्या किंग्जचे खेळाडू. ब्राउन गेल्यावर त्यांच्या हाताखाली संघ २७-२४ असा खेळला होता.

२०२५ च्या उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा सौदा जर्मन पॉइंट गार्ड डेनिस श्रोडरचा. एनबीएत पगाराला एकूण मर्यादा असते, आणि २०२५-२६ च्या मोसमासाठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. ती ओलांडता येते, पण ओलांडणाऱ्याचे हात नियमांनी बांधले जातात. किंग्जमध्ये लवीनचा पगार एकट्याचा पावणेपाच कोटी, सबोनिसचा सव्वाचार कोटीच्या आसपास आणि डेमार डिरोझनचा जवळजवळ अडीच कोटी. तिघांतच मर्यादेचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग खर्च होत होता. मोठा पॉइंट गार्ड परवडणार नव्हता, म्हणून मधल्या किमतीचा आणला. त्याला जागा करायला योनास वालान्च्युनास हा दांडगा सेंटर डेन्व्हरला दिला आणि बदल्यात कमी पगाराचा डारिओ शारिच घेतला. सबोनिसच्या पाठीमागचा एकमेव खरा आधार गेला. त्याची भरपाई म्हणून ड्रू युबँक्स आणि ड्राफ्टमधल्या बेचाळिसाव्या क्रमांकाचा, सात फूट एक इंच उंचीचा फ्रेंच मॅक्सिम रेनो. जेक लराव्हिया लेकर्सकडे गेला, ट्रे लाइल्स थेट रेआल माद्रिदला. हे दोघे गेल्याने बाकावरची उंची आणखी घटली, आणि ते फारसं कोणाच्या लक्षातही आलेलं दिसत नाही.

श्रोडरबद्दल मात्र माझं मत बऱ्याच जणांपेक्षा बरं आहे. किंग्ज हा त्याचा दहावा संघ, हे वाचून माणूस बिचकतो. पण जर्मनीच्या जर्सीत हा खेळाडू वेगळाच दिसतो. २०२३ मध्ये मनिलात जर्मनीने जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. १४ सप्टेंबर २०२५ ला रिगामध्ये तुर्कस्तानला ८८-८३ असं हरवून जर्मनीने युरोपचं विजेतेपद घेतलं, तिथेही सर्वोत्तम तोच. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला बत्तीस पूर्ण झाली. कोण कुठे उभा राहील, चेंडू कधी आत जाईल, हे ठरवणारा माणूस किंग्जना हवा होता आणि तो मिळाला. सबोनिस सलग तीन मोसम लीगमध्ये सर्वाधिक रिबाउंड घेणारा, शिवाय सेंटर असून उत्तम पास देणारा. या दोघांचं जमणार, यात शंका वाटत नाही.

शंका इतर तिघांबद्दल आहे. लवीन, डिरोझन आणि मलिक मंक, तिघांनाही चेंडू हातात हवा असतो आणि तिघेही बचावासाठी ओळखले जात नाहीत. मोसम सुरू होताना डिरोझन छत्तीस वर्षांचा. मधल्या अंतरावरून तो अजूनही कोणाच्याही डोक्यावरून बास्केट करेल, पण थ्री-पॉइंटरच्या वाटेला तो फारसा जात नाही, त्यामुळे प्रतिस्पर्धी त्याला सोडून रिंगखाली गर्दी करतात आणि सबोनिसची जागा आवळते. शिवाय लवीन आणि डिरोझन ही जोडी काही नवी नाही. शिकागोत ती तीन मोसम होती. पहिल्या वर्षी ४६ विजय आणि पहिल्याच फेरीत हार, मग ४०, मग ३९. एका चुलीवर न शिजलेली डाळ दुसऱ्या चुलीवर चढवून किंग्जना काय वेगळं मिळणार, हे मला कळलेलं नाही.

मोसमाच्या तोंडावर बचाव करणारे संघात होते, पण दुय्यम भूमिकेत. किऑन एलिस २०२२ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला, पगार लीगच्या मानाने किरकोळ, आणि समोरच्या गार्डला मोकळा श्वास घेऊ देत नाही. कीगन मरी पदार्पणाच्या मोसमात २०६ थ्री-पॉइंटर टाकून नवोदितांचा विक्रम करून गेला. आता समोरच्या सगळ्यात धोकादायक खेळाडूला अडवायचं काम त्याच्याकडे असतं आणि चेंडू उरला तर मिळतो. चोविसाव्या क्रमांकावर घेतलेला निक क्लिफर्ड तेवीस वर्षांचा, पाच वर्षं कॉलेजात खेळून तयार झालेला. त्याला घेण्यासाठी पेरींनी फॉक्सच्या सौद्यातली २०२७ ची निवड ओक्लाहोमाला दिली. मला हा उन्हाळ्यातला सर्वांत शहाणपणाचा व्यवहार वाटतो.

या तिघांना भरपूर वेळ दिला तर संघ पाहण्यासारखा होईल. दिला जाईल का? इथे पुन्हा रणदिव्यांकडे यावं लागतं. २०२५ पर्यंतच्या त्यांच्या बारा वर्षांत आठ प्रशिक्षक झाले. पहिले मायकल मलोन. त्यांना दुसऱ्याच मोसमात काढलं आणि २०२३ मध्ये त्यांनी डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. २०१८ मध्ये ड्राफ्टची दुसरी निवड हाती असताना लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगली घेतला. रणदिवे कंजूष नाहीत, उदासीन तर मुळीच नाहीत. अतिउत्साह मात्र आहे. दर वर्षी नवव्याचं सहावं व्हायचं आणि त्यासाठी आणखी एक नाव आणायचं. उन्हाळाभर रसेल वेस्टब्रुकच्या वावड्या होत्या, जोनाथन कुमिंगासाठी गोल्डन स्टेटशी बोलणी झाली. वेस्टब्रुक म्हणजे चेंडू मागणारा आणखी एक, एवढंच.

२०२५-२६ च्या मोसमाचा पहिला सामना फीनिक्समध्ये, आपल्याकडच्या भाऊबिजेच्या सकाळी. तो कसाही जावो, ब्याऐंशी सामन्यांचा माझा अंदाज असा: किंग्ज पस्तीस विजयांच्या पुढे जाणार नाहीत. ओक्लाहोमा २०२४-२५ मध्ये ६८ सामने जिंकून विजेते झाले. ह्यूस्टनने केविन ड्युरंटला आणलं, लेकर्सकडे डॉन्चिच आहे, सॅन अँटोनियोत वेम्बान्यामाच्या शेजारी खुद्द फॉक्स. सहावा क्रमांक या गर्दीत स्वप्नातही दिसत नाही. नववा दिसतो, आणि तोच सर्वांत वाईट.

पेरींनी जानेवारी २०२६ पर्यंत वाट पाहावी आणि मग डिरोझन आणि लवीन यांच्यासाठी मिळेल तो भाव घ्यावा. सबोनिसलाही कोणी दोन चांगल्या निवडी देत असेल तर ऐकून घ्यावं. जून २०२६ च्या ड्राफ्टमध्ये एजे डिबान्त्सा, डॅरिन पीटरसन, कॅमेरॉन बूझर ही नावं आहेत, असा हंगाम दर वर्षी येत नाही. त्या ड्राफ्टच्या सोडतीत तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची संधी प्रत्येकी १४ टक्के असते, तेराव्याला जवळजवळ नसतेच. आणि २०२६ ची पहिल्या फेरीची स्वतःची निवड किंग्ज या वेळी कोणालाही देणं लागत नाहीत.